शहादेव मुकादमांचा प्रोसेसर

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, आष्टी. पहाटे गारठा, उन्हं साडेसातला अंगणात. कामवाली छबुबाई परवाच ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेल्यामुळे भांडी मी घासली. दुपारी चारला समोर शहादेवांकडे. त्यांचं विमान मुंबईला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे आपटलं. हा सलग तिसरा रविवार. सत्यम म्हणाला, थांबवू या.

वहीत एवढंच आहे. उरलेलं आता सावकाश लिहिते आहे.

शहादेव माझे समोरचे शेजारी. वय बासष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला. पूर्वी ते आणि सावित्रीबाई स्वतः ऊस तोडायला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. पुढे शहादेव मुकादम झाले आणि दर दिवाळीनंतर टोळी घेऊन सांगली-कोल्हापूरकडे जाऊ लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा सत्यम वर्षातले सहा महिने आजीजवळ राहून शिकला. आता तो जर्मनीत इंजिनियर आहे. बापलेकांत भांडण कधीच नव्हतं. बोलण्याची सवयच नव्हती, एवढंच.

टाळेबंदीत सत्यम आठ महिने घरी अडकला. कॉम्प्युटर जुळवून त्यानं त्यात विमान उडवायचा सिम्युलेटर घातला आणि वडिलांना शिकवला. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता दोघं आपापल्या घरून एकाच आकाशात दोन विमानं उडवतात. कानावर हेडफोन चढला की शहादेव दोन-दोन तास बोलतात. मी आणि सावित्रीबाई मागच्या पलंगावर बसून ऐकतो. सत्यमचा आवाज स्पीकरवर असतो.

दिवाळीआधी सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली आणि सगळं बिघडलं. वर आकाशात ठीक, पण मोठ्या विमानतळाजवळ, जिथं घरंच घरं, तिथं चित्र अडखळायचं. विमान चालवायची हातातली कांडी ओढली की विमान क्षणभर उशिरा ऐकायचं.

"आबा, तुम्हाला त्रास होतोय तर राहू द्या," त्या रविवारी सत्यम म्हणाला. "फोनवर बोलत जाऊ."

शहादेवांनी हेडफोन काढून ठेवला. सावित्रीबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"फोनवर काय बोलनार तुमी? 'जेवला का?' 'जेवलो.' 'बरं, ठेव.' माझ्या हातात फोन यायच्या आत कटतो तुमचा."

"मशीन थकलंय," शहादेव म्हणाले. "प्रोसेसर बदलावा लागंल."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधला हिशेब करणारा चौकोनी तुकडा. त्याच्यात जे वेगवेगळे कामकरी असतात त्यांना कोर म्हणतात. हे मला शहादेवांनीच समजावलं. सत्यम स्वतः निवडून पाठवायला तयार होता. शहादेवांनी साफ नाही म्हटलं. "टोळीतला मानूस मुकादमानं सोता पारखायचा असतो."

मंगळवारी ते नगरला गेले. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या लखननं सांगितलं की त्यांच्या मदरबोर्डवर बसण्यासारखे दोन चांगले प्रोसेसर शिल्लक आहेत. एक सोळा कोरचा, दुसरा आठ कोरचा. किंमत जवळपास सारखी. शहादेवांना विचार करायला वेळ लागला नाही. आठ कोयत्यांची टोळी आणि सोळा कोयत्यांची टोळी त्याच पैशात मिळत असेल, तर कोणता मुकादम आठ घेईल?

बुधवारी दुपारी त्यांनी स्वतः पेटी उघडली. मी बॅटरी धरली. जुना प्रोसेसर काढून नवा बसवला, वर पांढऱ्या पेस्टचा बारीक ठिपका दिला.

"आता अक्षता बी टाका," सावित्रीबाई म्हणाल्या.

"गप बस ना बे," असं त्यांनी कॉम्प्युटरकडे बघत म्हटलं. म्हणजे कॉम्प्युटरलाच; बायकोला त्यांनी बे म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. विमान पुन्हा आपटलं. या खेपेस धावपट्टीवर, पण आडवं. पडद्यावर सेकंदाला उमटणारी चित्रं चौदाची अठरा झाली होती, एवढाच फरक. सत्यम वर घिरट्या घालत वाट बघत होता. शेवटी म्हणाला, "आबा, पुढच्या रविवारी मला जरा काम आहे."

काम नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं. शहादेव 'बरं' म्हणाले आणि पडद्यापुढे तसेच बसून राहिले.

सोमवारी सकाळी ते एका चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं उतरवून माझ्याकडे आले. विमान अडखळतं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत काहीतरी दिसतं, तेच त्यांनी चित्रासारखं काढून आणलं होतं. मी चष्मा लावला. काम 'मेन थ्रेड'पाशी अडलं आहे, असा त्याचा अर्थ होता.

"मंजी काय, बाई?"

मलाही माहीत नव्हतं. कॉन्व्हेंटच्या शाळेत माझ्याकडून इंग्रजी व्याकरण पक्कं करून घेतलं होतं, विमानं नव्हती. मग आम्ही त्यांच्या घरी बसून इंटरनेटवर या छंदाच्या लोकांची चर्चा काढली. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागले. सिम्युलेटरचं बरंचसं काम कोर वाटून घेतात, पण सगळ्यांचं काम गोळा करून पुढे सरकवणारा मुख्य कोर एकच असतो. त्याचा हात जितका चपळ, तितकं विमान सुरळीत. बाकीचे कितीही असले तरी त्याच्यासाठी थांबतात.

शहादेव कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. सावित्रीबाई ज्वारी पाखडता पाखडता थांबल्या.

"अवो, मग ही तर फळी हाय."

"कसली फळी?"

"गाडीची! सोळा कोयते लावून ऊस भसाभसा पाडला, मोळ्या बांदल्या. पन ट्रकला चढायची फळी एकच. डोक्यावर मोळी घेऊन एका वक्ती एकच बाई चढनार. बाकीच्या खाली रांगंत. मी हुभी राह्यलेय ना त्या रांगंत, मान मोडस्तोवर. तुमी वर ट्रकमधी, तुमाला काय दिसतंय?"

 फळीवरून चढणाऱ्या बायका असत. पुरुष तोडत आणि वर मोळ्या रचत. त्यामुळे कोयते मोजायची सवय त्यांची, आणि फळी ठाऊक सावित्रीबाईंना.

"मला तवा कावून न्हाई सांगितलं?" शहादेव म्हणाले.

"कवा इचारलं तुमी?"

मी पुढे वाचलं. त्या आठ कोरच्या प्रोसेसरमध्ये कॅश नावाची जवळची साठवण फार मोठी होती. लागणारी माहिती हाताशी राहते, लांबून आणावी लागत नाही.

"मोळ्या फळीच्या बुडाशीच रचल्यावानी," आता शहादेव स्वतःच म्हणाले. "उसाच्या फडातून खेप न्हाई. बाई, आठवालाच पायजे होता. लई मोठी चूक झाली."

मंगळवारी परत नगर. लखननं प्रोसेसरच्या खालच्या सगळ्या पिना भिंगातून तपासल्या, एकही वाकलेली नव्हती, मगच बदलून द्यायला तयार झाला. "काका, लोक आठाचा सोळा करून नेतात. तुम्हीच उलटे," तो म्हणाला. शहादेवांनी त्याला फळीची गोष्ट सांगितली. त्याला ती कळली की नाही, त्यांना सांगता येईना.

सत्यमनं रविवारी काम असल्याचं सांगितलं होतं. शनिवारी शहादेवांनी त्याला आपणहून फोन केला. फोनवर त्यांनी असं लांब वाक्य बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "सत्या, चूक माझी होती, तुझ्या आईनं धरली, आता विमान नीट चालतंय, उद्या चारला मी मुंबईवर येतोय, तू आलास तर बरं."

 "येतो," पलीकडून सत्यम म्हणाला.

रविवारी चार वाजता दोघं पुण्याहून निघाले. समुद्र दिसला, इमारती दाटल्या, सेकंदाला चौतीस चित्रं. सावित्रीबाईंनी शेंगांची परात बाजूला सारली. शहादेव सत्यमच्या आधी उतरले, रेषेवर, सरळ.

"आबा! तुम्ही माझ्या पुढे कसे?"

"तू हळू येतोस. चाकं घे खाली."

"घेतली." मग तो म्हणाला, "आबा, इथं आता साडेचारलाच अंधार पडतो. करमत नाही हो. घरी येऊन एकटाच बसतो."

सावित्रीबाई उठून उभ्या राहिल्या. शहादेवांनी हात मागे करून त्यांना थांबवलं.

"आदी उतर," ते म्हणाले. "मग आपन दोघं परत उडू, नाशिकपर्यंत. जाता जाता सगळं सांग. मला घाई न्हाई."

विमानं पुन्हा वर गेली. मी चपला घालून हळूच बाहेर पडले.

त्या संध्याकाळी वहीत एवढीच नोंद केली: नळाला पाणी सहा दिवसांनी आलं, पाऊण तास होतं. पिंप, दोन घागरी आणि तांब्याचा हंडा भरून घेतला.