खंडेनवमीला दाखवलेली करवत

माझे सासरे बन्सीलाल यांना सुरतेच्या लिंबायतमध्ये सगळे नाना म्हणत. ते रोज दोन ठिकाणी हात जोडत, देव्हाऱ्यापुढे आणि पट्टा करवतीपुढे. देव्हाऱ्यापुढे जरा घाईत.

पारोळ्याकडून सुरतेला आले तेव्हा बरोबरचे सगळे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. नाना सुतार. ते म्हणाले, लूमवर मी उभा राहणार नाही, लूम मोडली की तिला लागणारं लाकूड मी देईन. लूमा इतक्या मोडत की त्यावर घर चाललं, पोरं शिकली, मी सून म्हणून आले. बंद पडलेल्या एका लाकडाच्या वखारीतून त्यांनी ही करवत आणली होती. माणसाहून उंच, वर एक चाक, खाली एक, आणि दोन्हींवरून फिरणारा करवतीचा पट्टा. नाना तिच्याशी बोलत. सासूबाईंशी, म्हणजे मंगलाबाईंशी, कामापुरतं. सासूबाई करवतीला ‘तुमची थोरली लेक’ म्हणत.

सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत लूमांना प्लास्टिकचे आणि लोखंडी भाग लागायला लागले. त्यात शेडच्या मालकाने दिवाळीपर्यंत जागा मोकळी करा म्हणून सांगितलं. माझे मिस्टर धर्मेंद्र पलसाण्याला मिलमध्ये. ते म्हणाले, “दगाला देऊन टाका, विषय संपला.”

दगा आमचाच गाववाला, भंगारवाला. तो गॅसकटर लावून तुकडे करणार आणि बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भावाने नेणार. नाना म्हणाले, “जिनं आयुष्यभर कापलं, तिलाच कापायचं?”

शेवटी सुरतेजवळच्या सचिन गावात खिडक्यांच्या चौकटी बनवणारे जेरामभाई सुथार बघायला येतो म्हणाले. त्यांना पटली तर करवत सचिनला जाऊन चालणार, नाही पटली तर दगा. दगालाही नानांनी त्याच दिवशी बोलावून ठेवलं. दिवस कोणता, तर खंडेनवमीचा. का? तर त्या दिवशी ती धुतलेली, पुसलेली, हार घातलेली असते. मुलगी दाखवतात तसं सगळं डोक्यात.

“मला बघायला आले तेव्हा माझ्या आईनं मला इतकी घासली नव्हती,” सासूबाई म्हणाल्या.

जेरामभाई आले. चहा झाला. करवतीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “सरस छे, काका. हवे चालू करो ने, आवाज सांभळीए.”

चालू करून आवाज ऐकायचा म्हणजे पंचाईत. खंडेनवमीला हत्यार पूजेत बसतं. त्या दिवशी ते चालवत नाहीत. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत, आणि बघण्याचा दिवस नानांनीच काढलेला.

“आज नाही. उद्या या,” नाना म्हणाले.

“उद्या मला बारडोलीला दुसरी बघायची आहे. आवाज ऐकल्याशिवाय मशीन कसं घेऊ?” ते हिंदीत म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

दगा तोंडभर हसला. “नाना, इतलं काय? लोखंड शे ते.”

“मंग तुना काटा बी लोखंडच शे. आन इकडे, मोज,” नाना म्हणाले.

दगाचं हसू गेलं. मान खाली घालून म्हणाला, “काटा आज पूजाम्हा शे.”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. गिऱ्हाइकं दोन, करवत एक, आणि आज कोणालाच काही करता येत नाही.

मी मात्र आरतीचं ताट घेऊन ताटकळले होते. माझं लक्ष वरच्या चाकाकडे गेलं. त्याचा अर्धा भाग पत्र्याच्या झाकणाआड. तिथे ना फडकं पोचलं होतं, ना हळदकुंकू. मला पूजा अर्धवट राहिलेली खपत नाही. म्हटलं, “नाना, चाक अर्धंच पुसलंय. फिरवल्याशिवाय मागचं पुढे कसं येणार?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग जेरामभाईंकडे. खांद्यावरचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. “तुम्ही पाहुणे. तुमच्या हातून पुसून होऊ द्या.”

जेरामभाई पिढीजात सुथार, लगेच समजले. पट्टा सैल करून, हाताने फिरवत त्यांनी चाक पुसायला घेतलं. एकदा पुसलं, दहादा पुसलं. कान चाकाला लावून पुसलं, एक डोळा मिटून पुसलं. सांगाड्यावरची धूळ झटकायची म्हणून बुक्क्या मारल्या. बीड तडकलेलं असेल तर बद्द वाजतं. हे खणखणीत वाजलं. माझ्या देव्हाऱ्याचं नशीब एवढं कधी उघडलं नाही.

“वरचं बेअरिंग गुणगुणतं,” नाना आपणहून बोलले. “आधीच सांगतो.”

“ऐकलं मी,” जेरामभाई म्हणाले. “बदलून घेईन.” आणि कुंकू लावून त्यांनी करवतीला हात जोडले.

दगा प्रसादाचं खोबरं खाऊन गेला. दसऱ्याला टेम्पो आला, आणि नानांनी आपट्याचं पान करवतीवर ठेवून तिला चढवलं.

पुढच्या खंडेनवमीला नाना झेंडूचा हार घेऊन सचिनला निघाले. सोबत मी. जेरामभाईंच्या कारखान्याच्या दारातच नाना थबकले. करवत जोरात चालू! भर खंडेनवमीला! मला वाटलं, आता म्हातारा तिला परत न्यायला टेम्पो मागवतो.

“काका, आमची विश्वकर्मानी पूजा महा महिन्यात, तुमच्या माघात,” जेरामभाई आतून ओरडले. “बंद करू?”

नाना डोळे मिटून ऐकत होते. बेअरिंग गुणगुणत नव्हतं.

“नको,” म्हणाले. “चालू द्या.”

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवीतला हार पाहिला आणि ओळखलं. “लेक दिली की सासरची रीत. मला कोणी विचारलं होतं?”

 स्वयंपाकघरात जाऊन नानांनी हार मिक्सरला घातला आणि हात जोडले. सासूबाईंनी वाटणाचं खोबरं खाली ठेवलं.

“बरं झालं,” म्हणाल्या. “आज हाही चालायचा नाही. पाटा तिकडे आहे.”

त्या दिवशी वाटण नानांनी केलं.