बांधावरची लीद

लीद अजून वाफाळत होती. मिठागराच्या धाकट्या शेठने घोडा आडवा घातला आणि चाबकाच्या मुठीने माझ्या आयेची टोपली दाखवली.

"यात भर."

टोपली मिठाने भरलेली. आये म्हातारी बाई, दम खायला म्हणून तिने ती डोक्यावरून उतरवून बांधावर टेकवली होती.

कोपरच्या खाडीलगतचा हा बांध आमच्या बापजाद्यांनी चिखल थापून घातला. वाट सगळ्यांची, असं म्हणायचं. पण मिठागराच्या मालकाकडचा घोडा आला की पायी चालणाऱ्याने खाली चिखलात उतरायचं. घोडा घाण करून गेला की जवळ असेल त्याने ती उचलायची, कारण मागून मालकाचे पाहुणे येतात. आम्ही उचलत होतो. फावड्याने, हाताने. कोणी विचारलं नाही का म्हणून. मीही नाही.

पण मिठाची टोपली वेगळी. तिच्यात आम्ही मासळीसुद्धा घालत नाही. हंगामाचं पहिलं मीठ निघालं की तिला हळदकुंकू लागतं. मिठाजवळ कोणी वहाण घालून जात नाही. हे धाकट्या शेठला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोलला.

आयेने टोपली कलती केली. पांढरं मीठ चिखलात गेलं. ती लिदीकडे वाकली.

मी टोपली तिच्या हातातून काढून घेतली.

"शेठ, हिच्यात लीद जाणार नाही."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं. हसला. म्हणाला, "उद्या सकाळी येतो. लीद इथं दिसली, तर तुझी झोपडी तिथं दिसायची नाही."

त्या संध्याकाळी वस्तीत आमच्याशी कोणी बोललं नाही. मुकादम दारावरून गेला, जाता जाता आमचा कूड निरखून गेला. मग शेजारीण आली. आमच्या कुडाला टेकवलेली तिची सुकी लाकडं तिने उचलून नेली. तेव्हा कळलं. सगळ्यांना ठाऊक आहे.

आये म्हणाली, "मी टाकते रं उचलून. कोन बघतंय?"

"मी बघतोय."

उजाडताच मी बांधावर लिदीशेजारी जाऊन बसलो. मांडीवर टोपली. आये चार भांडी घेऊन मागे उभी. समोरून टापा आल्या. वस्तीकडून धूर आला. गवत जळतं तसा, भरभर. मी मान वळवली नाही. घोडा माझ्या तोंडाशी येऊन फुरफुरला. मी उतरलो नाही.

त्या मिठागरात आम्हाला पुन्हा काम मिळालं नाही. आये दुसऱ्याच्या पडवीत मेली. टोपली माझ्याकडे आहे.

आता धाकट्याचा मुलगा घोड्यावर येतो. मी म्हातारा, बांधाच्या मधोमध चालतो. मागे टापा वाजतात, जवळ येतात. लोक खालून चिखलातून हाका मारतात, बाबा, उतर.

तुडवायचं तर तुडव. मी उतरणार नाही.