सरदाराच्या बदल्यात

आमच्या ह्यांना बास्केटबॉलचं वेड, अगदी लग्नाच्या आधीपासून. पुण्याला कॉलेजच्या टीममध्ये होते. दुबईला आल्यावर माणसानं काय करावं? तर रास अल खोरला कंपनीच्या गोडाउनच्या भिंतीवर वेल्डरकडून एक रिंग ठोकून घेतली आणि ऑफिसातली चार-पाच मराठी माणसं धरून टीम उभी केली. शुक्रवारी संध्याकाळी कंपन्या-कंपन्यांची लीग असायची. आमची टीम ओळीनं तीन वर्षं शेवटून पहिली. घरी आले की म्हणायचे, "थोडक्यात गेली गं." वीस-वीस पॉइंटांनी हरायचं आणि म्हणे थोडक्यात! मी तोंड उघडलं की भांडण होणार, म्हणून मी आपली चहा टाकायचे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वसईचं ख्रिश्चन कुटुंब राहायचं. नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. दोन्ही फ्लॅट कंपनीचेच. भावोजी कंपनीचं स्टोअर सांभाळायचे आणि टीममध्येही होते. त्यांची बायको माझी मैत्रीण. आमची दारं सकाळी एकदा उघडली की रात्रीच बंद व्हायची. माझ्या कुकरच्या शिट्ट्या ती तिच्या घरातून मोजायची आणि ओरडायची, "तीन झाल्या गं, बंद कर!" मी धांदरट, माझ्या लक्षात राहायचं नाही. तिची पोर दिवसभर आमच्याकडे. मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत. "भूक लागली का?" तर "नो, आय वॉन्ट बिस्किट."

खेळाडू म्हणून भावोजी म्हणजे आनंदच होता. बुटके, त्यात पोट सुटलेलं. समोरच्या टीमचा कुणी पडला की हे खेळ सोडून त्याला हात द्यायला जायचे, तेवढ्यात त्यांचे लोक बास्केट करून मोकळे. एक गोष्ट मात्र खरी. फ्री थ्रो मिळाला की ते दोन्ही हातांनी खालून बॉल उडवायचे, आपण बादलीतलं पाणी अंगणात फेकतो तसा. सगळे हसायचे. आणि बॉल जायचा आत, दर वेळी.

कंपनीची दुसरी ब्रँच रुवैसला, अबूधाबीच्याही पुष्कळ पलीकडे. तिथल्या कॅम्पातली टीम एकदा इकडे खेळायला आली आणि तिच्यात एक लुधियान्याचा सरदार निघाला. सव्वासहा फूट उंच. निम्मे पॉइंट त्यानं एकट्यानं केले. आमच्या ह्यांना त्या रात्री झोप नाही. हा माणूस आपल्याकडे पाहिजे! पण टीममध्ये आपल्याच ब्रँचची माणसं हवीत असा नियम. आणि दुबईच्या ब्रँचला जेवढे व्हिसे मंजूर, तेवढीच माणसं. एक आत यायचा तर एक बाहेर जायला हवा. सरदार तिकडे स्टोअरमध्ये होता. म्हणजे इकडून कोण जाणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

मालकालाही कपाची हौस होती. तो म्हणाला, "तुम्ही ठरवा, मी सही करतो." सीझन संपल्यावर आमचा माणूस परत आणाल ना, असं ह्यांनी विचारलं. तो म्हणाला, "इन्शाल्ला." आणि एवढी वर्षं गल्फमध्ये काढलेली आमची शहाणी माणसं ते ऐकून खूश होऊन घरी आली.

शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. शुक्रवारी सकाळीच का? कारण तेव्हा भावोजी बायकोमुलीला घेऊन चर्चला असायचे. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चची प्रार्थना, मिसा, तीही शुक्रवारी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

मी आत पोहे करत होते. बाहेर नुसता गोंधळ. अकाउंट्समधला म्हणत होता, "सरदार एकटाच खेळणार, आपण काय टाळ्या वाजवायच्या?" दुसरा म्हणाला, "आता तरी काय वाजवतोय?" तिसऱ्याचं म्हणणं, एका माणसाचं बिऱ्हाड हलवायचं आणि तेही खेळासाठी, हे काही बरं नाही. त्यावर चौथा, "अरे, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे यार!" दोन इकडे, दोन तिकडे. हे कॅप्टन, पण घरात भाजी कुठली आणायची ते ठरवता येत नाही, तर हे काय ठरवणार? तासभर तेच तेच दळण. पोहे गार झाले. मी दोनदा हाक मारली, कुणी उठेना. शेवटी हे म्हणाले, "हिलाच विचारू या."

माझ्या जिभेला हाड नाही. मी झारा हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "घ्या तो सरदार आणि खलास करा एकदाचं! पोहे खाऊन घ्या."

सगळे हसले. आणि ठरलं.

इतक्यात बेल वाजली. चर्चहून थेट आमच्याकडे पोहे खायला यायचं, ही त्यांची नेहमीची रीत. भावोजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, पोर फ्रिलच्या फ्रॉकमध्ये, आणि मैत्रीण हातात केक घेऊन. हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. भावोजी म्हणाले, "काय रे, आज पण हरलात की काय?" मी आत पळाले आणि उगाच कोथिंबीर चिरत बसले.

मला वाटलं होतं, ते एकटे जातील. ही आणि पोर समोरच राहतील. पण फ्लॅट स्टोअरवाल्याच्या नावावर होता, तो आता सरदाराला मिळणार. आणि रुवैसच्या कॅम्पात फॅमिली चालत नाही. महिन्याभरात तिनं वसईला परतायला सामान बांधलं. मी तिच्या खोक्यांना दोरी बांधत होते, तेव्हा ती म्हणाली, "खरं सांग, त्या दिवशी आमच्या बाजूनं एक तरी जण बोललं का गं?"

मी म्हणाले, "मी बोलले. पण बायकांचं कोण ऐकतं?"

ती माझ्या गळ्यात पडून रडली.

सरदार चांगला होता बिचारा. दारातून वाकून यायचा, मला "भाभीजी" म्हणायचा. आम्ही कप जिंकला, तो आमच्या टीव्हीवर बसला. समोरचं दार मात्र बंद. पहिल्याच आठवड्यात माझी डाळ दोनदा करपली. शिट्टी व्हायची आणि मी कान लावून उभी राहायचे, आता हाक येईल म्हणून. मला तिची इतकी आठवण यायची की मी त्या कपावरची धूळसुद्धा पुसत नसे. वर्षभरानं सरदार कॅनडाला गेला. त्याच्या जागी मालकाचा कुणी ओळखीचा आला. भावोजी तिकडेच राहिले.

चार वर्षांनी मी सुट्टीत वसईला गेले. त्या पोरीचं पहिलं कम्युनियन होतं, आपल्याकडे मुंज असते तसं. अंगणात मांडव, शंभरेक माणसं. भावोजींना रजा मिळाली नव्हती. मैत्रिणीनं माझा हात धरला आणि तिच्या सासूबाईंपुढे नेऊन उभं केलं. "आई, ही ती. अख्ख्या टीमशी आमच्यासाठी एकटी भांडली."

सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. पोर शेजारीच उभी होती, डोक्यावर पांढरी जाळी. आता चांगलं मराठी बोलायला लागली होती. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "मग तरी डॅडींना का पाठवलं, मावशी?"

तिची आई म्हणाली, "अगं, हिचं कुणी ऐकलंच नाही."

मी मान डोलावली.