कोपरा फाडलेलं पान

नागपूरच्या महालातल्या आपल्या शाळेच्या मराठीच्या मास्तरांवर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो: सहामाहीच्या निकालाच्या शनिवारी, तिसऱ्या तासाला. वर्गात आपण सगळे होतो. म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे.

पुस्तक मिटायचं, त्यावर दोन बोटं ठेवायची आणि विचारायचं, "तिले विचारलं काय?" ही त्यांची सवय. नेमलेल्या कादंबरीत सावकाराच्या घरी त्याची विधवा बहीण राहते. प्रत्येक प्रकरणात ती पाणी आणून ठेवते आणि आत जाते. बोलत नाही. बाकीचे मास्तर सारांश पाठ करून घेत. हे म्हणाले, सहामाहीला एकच प्रश्न: जी बोलत नाही, तिच्या तोंडचं एक पान लिहा.

पंधरा दिवस तयारी चालली. "ती बसते कुठं? जेवते कवा? पुस्तकात नाही? मंग आपल्या घरात पाहा." एकानं वैतागून सावकाराच्या घोडीचं पान लिहून आणलं. मास्तर हसले.

"घोडीचं बरं आहे गा, तिले दोन वेळा चारा भेटते. हिले?"

मग कुणी हसलं नाही. निम्म्यांच्या घरी एकवेळ जेवणारी कुणीतरी होतीच.

माझ्या घरी आत्या होती. चुलीजवळ कोळशानं जमिनीवर अक्षरं गिरवायची, पाऊल वाजलं की शेणानं सारवून टाकायची. मी तेच लिहिलं. नाव घालायचं नव्हतं; कोपऱ्यात फक्त हजेरीचा नंबर.

शनिवारी शाळासमितीचे एक सभासद वर्गात आले. गठ्ठा चाळता चाळता माझ्या पानावर थांबले.

"अब्रूदार घरांची ही निंदा कुणाची?"

मास्तरांनी पान हातात घेतलं, नंबराचा कोपरा फाडला, तोंडात टाकला आणि सुपारीसारखा चावत राहिले. गिळून झाल्यावर म्हणाले, "माह्यी. पोरानं फक्त लिहून काढलं."

मी मान खाली घालून बसलो. नाव निघालं असतं तर आत्याचा कोळसा सापडला असता, हे खरं. मी भ्यालो होतो, हेही खरं. सभासदांना तरी पोरगा कशाला हवा होता? मास्तर आयते मिळाले. सोमवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरे बसले आणि सारांश सुरू झाला. त्यांच्या नोकरीच्या दाखल्यावर लिहिलं, वर्तन असमाधानकारक. त्या एका ओळीनं नागपुरातल्या सगळ्या शाळा त्यांना बंद झाल्या.

पुढे ते सीताबर्डीला कचेरीसमोर अर्ज लिहून देत. अरुंद रस्त्याच्या अलीकडून मी शेवटचं पाहिलं तेव्हा खोकत होते. समोर एक गृहस्थ कागद सांगत होता: विधवा भावजय आपल्या खुशीनं काशीला राहायला जाते आहे. मास्तरांनी टाक उचलून धरला.

"तिले विचारलं काय?"

गृहस्थ उठून शेजारच्या अर्जनविसाकडे गेला. मास्तरांनी टाक पुसून ठेवला. मी रस्ता ओलांडला नाही.

त्या उन्हाळ्यात ते गेले. आत्या त्याआधीच गेली होती. आता गप्प बसायला कुणाचंच निमित्त उरलेलं नाही.

ती सगळी पानं हेडमास्तरांच्या कपाटात पडून आहेत. शिपायानं मला दाखवली. कोपरा नसलेलं माझं. तुमचंही त्यातच आहे. येत्या सोमवारी मी माझं मागायला जातो आहे. तुम्ही या. आपापलं पान मागा, आणि कुणी लिहिलं म्हणून विचारलं, तर या वेळी उभे राहून सांगा.