वीतभर वांबोरी

खेळातली रेल्वे बांधायला बसलं की रूळ कमी आणि किस्सेच जास्त जमतात. आमचे रूळ एका खोलीत मावतात, किस्से मावत नाहीत! आम्ही तिघं. साळवे सर, आयुष्यभर भूगोल शिकवलेले. शिंदे, नागापूरला एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप असलेला. आणि मी, वीज मंडळातून रिटायर. खऱ्या गाडीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान गाडी आमच्या वरच्या खोलीत पळवायची, एवढाच बेत होता. लोकांना वाटतं, रूळ टाकले की झालं. नाही हो! आधी ठरवावं लागतं, गाडी कुठल्या मुलखातून जाणार.

*

सरांनी पहिल्याच बैठकीत स्वित्झर्लंड लावून धरलं. बर्फ, बोगदे, लाकडी घरं. शिंदेही तयार. चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोनं विचारलं, "तुमच्यापैकी तिकडं कोण जाऊन आलंय?"

"कुणीच नाही."

"मग काही चुकलं तर कळणार कसं?"

"तोच तर फायदा हाय, वहिनी!" शिंदे म्हणाला.

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी आल्या आल्या म्हणाले, "चुकलं तर लोक येऊन कान धरतील, असा मुलूख घेऊ." नगरहून मनमाडकडं जाताना लागणारं वांबोरी ठरलं. डोंगर आहे, वळण आहे, ऊस आहे. आणखी काय पाहिजे?

बायकोचे आभार आम्ही अजून मानतो. ती म्हणते, "आभार नकोत, खोली झाडा!"

*

आता त्या मार्गावर विजेच्या तारा आल्यात. तेवढ्या बारीक तारा ओढायचा आम्हाला कंटाळा आला, म्हणून काळच मागं नेला, डिझेल इंजिनाच्या दिवसांत.

"जन्म गेला तारांत, अन् म्हातारपणी लोडशेडिंग!" शिंदे मला म्हणाला.

*

मग वांबोरीला गेलो, मापं घ्यायला. तीन पिकली डोकी टेप धरून रुळांच्या कडेनं फिरतायत, हे बघून उसातून एक शेतकरी बाहेर आला. बाबूराव त्यांचं नाव. चेहरा पडलेला.

"सायेब, दुसरी लाईन टाकताय व्हय? माझं किती रान जातंय?"

"सगळंच घेतोय," शिंदे गंभीरपणे म्हणाला, "पण वीतभरच लागंल!"

माणूस पांढराफटक! सरांनी शिंदेला दटावलं आणि मोबाईलवर आमच्या गाडीचे फोटो दाखवले. बाबूरावांनी ते पुन्हा पुन्हा बघितले. मग म्हणाले, "आसं व्हय! मग ती बांधावरची बाभळ बी घ्या. अन् माझी हीर इसरू नका."

वर घरी नेऊन भाकरी, ठेचा आणि दही वाढलं. ज्याला घाबरवलं त्याच्याच घरी जेवलो!

*

स्वित्झर्लंडच्या नादात आधीच मागवलेलं सामान तसंच पडून होतं. बर्फाचे डोंगर, सूचिपर्णी झाडं, सगळं बाद. पण एका पाकिटात काळ्या-पांढऱ्या गाई निघाल्या. शिंदेनं एक तळहातावर घेतली. "सर, ही तर घोडेगावच्या गुरांच्या बाजारात बघितलीय मी!"

खरंच की. आपल्या गोठ्यागोठ्यात त्याच संकरित गाई!

"युरोपातलं एवढंच नगरचं निघालं," सर म्हणाले. गाई राहिल्या.

*

ऊस आम्ही हिरव्या रंगवलेल्या खराट्याच्या काड्यांचा केला, रस्त्यावरच्या रेल्वे गेटाचा उघडझाप होणारा दांडाही काडीचाच. बाबूरावांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी आपली विहीर बघितली, बाभळीला बोट लावलं, डोळे पुसले. आम्हीही भारावून गेलो.

मग उसावर वाकून म्हणाले, "लई दाट लावलाय. पाचट काढनार कसं?"

*

गेल्या वर्षी सरांच्या मिसेसना, मार्थाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. देवाच्या कृपेनं जीव वाचला, पण बोलणं गेलं. सरांचं येणं थांबलं. मग मी आणि शिंदेनं आमच्या रेल्वेच्या सगळ्या फळ्या सुट्या केल्या, टेम्पोत घातल्या आणि सरांच्या हॉलमध्ये नेऊन जोडल्या.

"सर, तुमी वांबोरीला येईना, म्हणून वांबोरी तुमच्याकडं आली!" शिंदे म्हणाला.

सरांनी आमचे हात धरले, बराच वेळ सोडले नाहीत.

बाईंचे वडील रेल्वेत गेटमन होते. त्याच लाईनवर, गेटाशेजारच्या क्वार्टरमध्ये त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. आता खुर्चीत बसून गाडी बघत राहायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा. सर बोलत राहायचे. उत्तर यायचं नाही.

एका दुपारी सरांनी गाडी सोडली. उसाला वळसा घालून ती रस्त्याकडं निघाली, आणि बाईंनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा थापटला.

"गेट!"

आम्ही तिघं त्यांच्याकडं वळलो.

"अहो... गेट... उघडं हाय!"

सरांनी गाडी थांबवली. गेटाचा काडीएवढा दांडा त्यांच्या बोटांतून दोनदा निसटला. आम्ही पुढं झालो नाही. शेवटी त्यांनीच तो खाली टेकवला.

बाईंनी मान वळवून रस्त्याची एक बाजू बघितली. मग दुसरी.

"हं," त्या म्हणाल्या. "सोडा आता."