साखराबाईच्या हातातला दोर

भामाबाईला दुष्काळाचं एवढं भ्या नव्हतं. दुष्काळ सगळ्यांचाच असतो. तिला भ्या होतं ते भिंतीपलीकडच्या साखराबाईचं, आणि ते तिचं एकटीचं होतं.

देवणीच्या अलीकडं, ओढ्याकाठी दहा-बारा घरांची वस्ती. अकरा वर्षांमागं भामाबाईचं सहा महिन्यांचं लेकरू तापानं गेलं. त्याच्या तीन दिवस आधी कोंबडीवरून साखराबाईशी भांडण झालेलं. जाणत्यानं तांदूळ टाकून सांगितलं, शेजारणीनं भानामती केली. झालं. तेव्हापासून साखराबाई अंगणात नुसती खाकरली तरी हिची भाकर तव्यावर वाकडी पडायची. साखराबाई दिसली की ही थोरल्या लेकीला, चांगुणाला, पदराआड घ्यायची. चांगुणा अठरा वर्षांची झाली, लग्न होऊन सासरी गेली, तरी सवय जाईना.

पुढं उदगीरच्या चर्चमधल्या नीलाबाई दर रविवारी वस्तीत प्रार्थना घ्यायला येऊ लागल्या. भामाबाईनं आणि नवऱ्यानं, व्यंकटीनं, बाप्तिस्मा घेतला. खरं सांगायचं तर प्रभू येशू भुतं काढायचा, हेच भामाबाईला त्याचं पहिल्यांदा आवडलं. तिनं दारावर खडूनं क्रूस काढला आणि उंबऱ्याखाली पुरलेला बिब्बाही तसाच राहू दिला. असलेला बरा.

लातूर वेगळा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. पाऊस सलग दुसऱ्या साली फिरकला नाही. लोक म्हणायचे, आता कलेक्टर लातुरातच बसतो, टँकर यायला उशीर न्हाई. टँकर दोनदा आला. तिसऱ्यांदा रस्ता विसरला असावा. वस्तीतल्या किशनरावांच्या विहिरीच्या तळाला तेवढा पाण्याचा एक झिरा उरला. भांडणं नकोत म्हणून किशनरावांनी पाळ्या लावून दिल्या: घराला लागून घर, दोघा-दोघांची जोडी. एकानं कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, वाटी-वाटीनं घागर भरायची, दुसऱ्यानं वर दोर धरायचा. मग उलट.

भामाबाईच्या घराला लागून साखराबाईचंच घर. व्यंकटी पाझर तलावाच्या कामावर, महिनाभर तिकडंच. आणि चांगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले.

पहिल्या पाळीला भामाबाईनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि गेलीच नाही. जोडी मोडली, दोन्ही घरं कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशी साखराबाई दीड कोसावरच्या भावाच्या मळ्यातून दोन घागरी घेऊन आली आणि एक मुकाट्यानं हिच्या ओट्यावर ठेवून गेली.

भामाबाईनं वाकून पाहिलं तर तळाला फडक्यात बांधलेलं पांढरं काहीतरी. करणीच ही. लेकीच्या पोटावरच टपली बाई. तिनं घागर उचलली आणि अंगणात उपडी केली. चार कोंबड्या धावत आल्या.

"आई, काय करायलीस?" चांगुणा दाराला धरून उभी. तिनं ओल्या मातीतलं फडकं उचलून सोडलं. "तुरटी हाय ही. गढूळ पाणी निवळाया बांधली तिनं."

माती पाणी पिऊन मोकळी झाली. भिंतीवरून साखराबाईनं पाहिलं आणि आत गेली.

रविवारी प्रार्थना झाल्यावर नीलाबाईंपाशी भामाबाईनं सगळं ओतलं.

"साखराबाईचं नाव घेतेस का प्रार्थनेत?" नीलाबाईंनी विचारलं.

"घेते की. रोज घेते. तिच्यापासून वाचव म्हणते."

"मग आजवर तू देवाला तिच्या चहाड्याच सांगत आलीस. आता तिच्यासाठी काही माग."

"माझ्या तोंडाला येत न्हाई, बाई."

"न्हाई आलं तर तसंच सांग त्याला. तो कुठं पळून चाललाय."

भामाबाईनं रोज सांगून पाहिलं. दळताना, भाकरी थापताना. 'प्रभू, त्या साखरासाठी' एवढ्यावर जीभ अडायची आणि 'आमेन' म्हणून ती मोकळी व्हायची. भ्या जागचं हललं नाही. पण रांजण ठणठणीत, लेकीची कंबर दुखायला लागलेली आणि उद्या पाळी. बाळंतिणीला काय कोरडी ठेवायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती विहिरीवर गेली. साखराबाई आधीच येऊन बसली होती.

"आज डोकं न्हाई दुखलं?" साखराबाई म्हणाली.

"दुखतंय. पर आले."

साखराबाईनं तिच्या कमरेला गाठ मारली, दोराचा एक वेढा दगडी खांबाला घेतला. भामाबाई खोबणीत पाय ठेवत उतरू लागली. पाय टेकला की खोबणीतली माती निखळून खाली पडायची, आणि ती पडल्याचा आवाज लई उशिरा यायचा. 'प्रभू, दोर तुटू देऊ नको. प्रभू, हिला सोडू देऊ नको.'

तळाला बसून ती वाटीनं पाणी भरू लागली. एक वाटी भरायला दहादा श्वास घ्यावा लागे. वर पाहिलं की थाळीएवढं आभाळ आणि कडेला साखराबाईचं डोकं. ते हलायचं नाही. घागर अर्धी झाली तरी हिचे दात वाजत होते. मग तिनं ठरवलं, आता मागायचंच. पण मागायचं काय? अकरा वर्षं तिनं साखराबाईचं खाकरणं मोजलं, पण त्या बाईला काय हवं-नको ते काही ठावं नव्हतं. एवढंच आठवलं, की दीड कोस चालून आल्यावर ती गुडघ्याला हात लावून ओट्यावर टेकली होती.

"प्रभू," भामाबाई मोठ्यानंच म्हणाली, "त्या साखराच्या गुडघ्याला बरं वाटू दे."

"काय म्हणलीस?" वरून आवाज आला.

"तुला न्हाई. वर म्हणले."

"मी वरच हाय की."

भामाबाईला हसू आलं. दात वाजत होते आणि हसूही येत होतं. भ्या गेलं नाही, पण आता त्याला रेटून हात चालत होता. घागर भरली. "वढ," ती म्हणाली. घागर वर गेली, मागोमाग ती स्वतः.

आता साखराबाईची पाळी. भामाबाईनं कमरेचा दोर सोडून हातात घेतला, तर साखराबाई काठावर तशीच उभी.

"उतर की."

"उतरते." तिनं खाली पाहिलं, मग भामाबाईच्या हाताकडं पाहिलं. "तू माझी घागर वतून दिलीस, भामा. म्या बघितलं. आता खाली गेल्यावर तू दोर धरशील का सोडशील, हाच इचार करायले."

भामाबाईला वाटायचं, भ्या आपल्या एकटीचंच. हिच्याही कमरेला ते बांधलेलंच होतं.

"चूक झाली माझी," ती म्हणाली. "तुरटी हाय, हे मागून कळलं."

"आन् आधी काय वाटलं, ते नको सांगू."

"न्हाई सांगत."

तिनं साखराबाईच्या कमरेला दोर बांधला. गाठ ओढून पाहिली, परत एकदा ओढली. खांबाला एक नाही, दोन वेढे घेतले. साखराबाई गुडघा सांभाळत उतरू लागली.

"घागर भरली की घरी चल," भामाबाईनं वरून सांगितलं. "चांगुणाच्या पोटावरून हात फिरव. तुला कळतंय त्यातलं. किती दिवस हायेत, सांग."

खाली तिनं पुढच्या खोबणीत पाय टेकला.

"आधी वर तर काढ," साखराबाई म्हणाली.

भामाबाईनं दोर घट्ट धरला आणि साखराबाईला ऐकू जाईल अशी प्रार्थना म्हणू लागली. डोळे मात्र मिटले नाहीत.