नवव्या खांबावरची पावाची पिशवी

फेस्टस गॅव्हिगननं एक्केचाळीस वर्षं मेयो परगण्याच्या डोंगरांत टेलिफोनच्या तारा ओढल्या. खांब, तार आणि पाऊस या तिघांशी त्याचा असा संसार जमला की लग्न करायचं राहूनच गेलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गाडीच्या टपावरची शिडी काही उतरली नव्हती. पबमध्ये बसला की त्याचं एक पालुपद ठरलेलं. कुणाचाही फोन बिघडला की हा ग्लास खाली ठेवून म्हणायचा, "डब्लिनच्या कंत्राटदारांची करणी! तारेचा जोड पावाच्या पिशवीत गुंडाळणारी जात ती. माझा जोड बघा, मी गेल्यावरही शंभर वर्षं टिकेल."

आता मजा बघा. गावच्या टोकाला, एका लांबलचक गल्लीच्या शेवटी अट्रॅक्टा मुल्डून एकटी राहायची. वय बहात्तर. पन्नास वर्षांत तिनं गावातली एक मयत चुकवली नव्हती. नेमका खुब्याचा सांधा बदलून ती घरात अडकली आणि तिची शाळेतली बाकमैत्रीण नोरा डेव्हनी गेली. मिस्सा, म्हणजे देवळातली शेवटची प्रार्थना, शुक्रवारी अकराला. देवळात कॅमेरा बसवलेला, त्यामुळं घरबसल्या सगळं दिसायचं; पण इंटरनेटची नवी काचेची तार, म्हणजे फायबर, मोठ्या रस्त्यापर्यंतच आलेली. गल्लीत जुनी तांब्याची, आणि पावसाचा शिडकावा झाला की अट्रॅक्टाचं इंटरनेट डोळे मिटायचं. शुक्रवारी सकाळपासून आभाळ गळत होतं.

नऊ वाजता फेस्टस दारात हजर.

"कंपनी काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"इंटरनेटचा डबा बंद करून चालू करा म्हणते. सहा वेळा केला. माणूस बुधवारी येईल म्हणे."

"बुधवारपर्यंत नोरा थांबायची नाही."

"थट्टा नको रे. मी तिला शब्द दिलाय. तिचा दीर मॅटी चाळीस वर्षांत तिच्याशी एक गोड शब्द बोलला नाही. मरायच्या आधी मला म्हणाली, 'माझ्या शवपेटीमागं तो रडतो का ते डोळ्यांत तेल घालून बघ, आणि वर आलीस की सांग.' आता मी काय तोंड घेऊन वर जाऊ?"

फेस्टसनं फोन कानाला लावला. तापल्या तेलात मोहरी पडावी तशी तडतड.

"डबा निर्दोष आहे," तो म्हणाला. "फोनही तडतडतोय, म्हणजे दुखणं तारेत. पावसातच उठतं, म्हणजे कुठल्या तरी जोडात पाणी शिरलंय. कुण्या डब्लिनवाल्यानं..."

"भाषण राहू दे, शिडी काढ."

एकेक खांब चढत उतरत फेस्टस नवव्या खांबावर पोचला तेव्हा पावणेअकरा होत आले होते. आणि तिथं जोडावर गुंडाळलेली होती पावाची पिशवी! "सापडला चोर," म्हणून त्यानं टेप सोडायला घेतली आणि त्याचा हात थबकला. टेप उलट्या बाजूनं गुंडाळलेली. अख्ख्या परगण्यात डावखुरा तारवाला एकच होता, आणि तो या क्षणी शिडीवर उभा होता.

त्याला सगळं आठवलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची दुपार, तासाभरात फुटबॉलची मॅच, झोळीत जोडावर बसवायचं एकही टोपण शिल्लक नाही. तारा नुसत्या पिळून तो म्हणाला होता, "उद्या नीट करू." तो उद्या आज उगवला होता.

आतलं तांबं हिरवंगार. त्यानं खरवडून चकचकीत केलं, पीळ घट्ट केला. दूर खिडकीत अट्रॅक्टानं टॉवेल हलवला: चित्र आलं! आता वर टोपण बसवलं की काम फत्ते.

तेवढ्यात वळणावरून नोराची गाडी आली, देवळाकडं निघालेली, मागं सगळं गाव. मयत समोरून जाताना डोक्यावर टोपी ठेवणारा माणूस त्या गावात जन्मलेला नाही. फेस्टसचा डावा हात टोपीकडं गेला, उजव्यानं छातीवर क्रूस काढला. तार धरायला तिसरा हात देवानं दिलेला नव्हता. ताण बसला, टचकन तुटली. खिडकीतला टॉवेल गरागरा फिरू लागला.

आता तार आखूड पडली, टोपण बसेना. फेस्टसनं दोन्ही टोकं ओढून कशीबशी पिळली आणि चिमटीत दाबून धरली. दोन-तीन मिनिटांनी टॉवेल शांत झाला. सोडलं की तुटणार, म्हणजे मिस्सा संपेपर्यंत असंच उभं राहायचं. पाऊस कॉलरमधून आत, टोपी दातांत.

पाऊण तास झाला. देवळात आता पेटी उचलायची वेळ. आणि अट्रॅक्टाचा फोन वाजला. तारेला हात लावलेल्यालाच ठाऊक, घंटा वाजताना त्या तारेत काय धावतं ते! फेस्टसच्या कोपरापर्यंत सणक गेली. ट्रिंग-ट्रिंग, ट्रिंग-ट्रिंग, दर घंटेला दोन दणके. "उचल गं बाई, उचल!" टोपी दातांत असल्यानं हे फक्त मेंढ्यांना ऐकू गेलं. अकरा वेळा घंटा वाजली. चिमूट काही सुटली नाही.

नंतर चुलीशी हात शेकत त्यानं विचारलं, "फोन का नाही उचललास?"

"अरे, तेव्हाच तर मॅटी पेटीला खांदा द्यायला पुढं आला! कंपनीवाली असेल मेली. 'लाइन सुधारली का' हेच विचारायचं असणार."

"मग? रडला?"

"ढसाढसा. शेंबूड बाहीला पुसला. नोराला सांगायला आता मी मोकळी."

फेस्टसनं कप खाली ठेवला. "अट्रॅक्टा, एक सांगायचंय. तो जोड..."

"तुझाच. पिशवी कुठून नेली होतीस? माझ्याच स्वयंपाकघरातून. पाव काढून टेबलावर ठेवलास, वाळून दगड झाला."

"आणि इतकी वर्षं माझी बडबड ऐकून घेतलीस?"

"चांगली रंगवून सांगायचास रे."

तिनं फडताळातून नवी पिशवी काढून दिली. बुधवारपर्यंत जोडावर तीच.

बुधवारी कंपनीचा माणूस नवव्या खांबावर चढला आणि वरूनच ओरडला, "हे कुणा अडाण्याचं काम आहे?"

फेस्टस तोंड उघडणार, तोच फाटकात काठी टेकून उभी असलेली अट्रॅक्टा म्हणाली, "डब्लिनच्या कंत्राटदारांचं. दुसरं कोण!"